पगाराची वाटणी

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, कचेरीतली सगळी मंडळी आणि शेवटच्या रांगेत दाराशी बसलेला माझा धाकटा भाऊ ईश्वरप्पा, तुम्हा सर्वांना या महादेवीचा शरणार्थ.

माझा थोरला भाऊ बसवराजअण्णा आज शिपाई म्हणून निवृत्त होतोय. डाव्या हाताला दोन बोटं नसूनही त्यानं कधी फाईल पाडली नाही, असं आत्ता कौतुक झालं. बोटं कडबा तोडताना गेली, असं तुम्ही ऐकलंय. ते खोटं आहे.

लातूर जिल्हा झाला, कचेरी आली, अण्णाला नोकरी लागली आणि वर्षभरात घर फुटलं. मधे बांध घालून शेत बरोब्बर अर्धं केलं. तेव्हा ईश्वरप्पा पंचांना म्हणाला, "आन् पगार? त्यो कुनी वाटायचा? त्याच्या शाळेपायी म्या औत धरलं." पंच हसले. हसण्यासारखं काय होतं हो त्यात?

मग दुष्काळ पडला. दोघांच्या रानात सारखीच धूळ. पण अण्णाच्या घरी पहिल्या तारखेला पगार यायचा, आणि ईश्वरप्पाची बायको सिंधु रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तशात येळवस आली; घर फुटलं तरी ती आम्ही एकत्रच करायचो. त्या अमावास्येला रानात कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून रानातल्याच सगळ्या भाज्या एकत्र शिजवून भज्जी करायची, हे लातूरकरांना मी काय सांगू? अण्णानं सगळी भाजी मंडईतून आणली. वर म्हणाला, "रानानं न्हाई दिलं, पगारानं दिलं. बसा जेवायला."

ईश्वरप्पानं लाथ मारून आंबिलीचं मडकं फोडलं. अण्णानं त्याच्या मुस्काटात दिली. यानं कुऱ्हाड उचलली. अण्णानं डोकं वाचवायला हात वर केला. चुना लावलेल्या पांडवांवर रक्त उडालं. बोटं मातीतून मी उचलली, या हातांनी.

अण्णा फौजदारापुढं खोटं बोलला, म्हणून ईश्वरप्पा सुटला. याला तेही पगारवाल्याचे उपकार वाटले. तेव्हापासून बांधावरून एक शब्द नाही. मला दोघांचा राग येतो, आजही येतो.

यंदाही रान कोरडंच आहे, आणि येळवस तोंडावर आली आहे.

अध्यक्षांनी बाईमाणसाला मधेच थांबवलं नाही, त्यांचे आभार. अधिक-उणं बोलले असेन तर सभेनं पोटात घालावं. शाल अजून पाहुण्यांच्याच हातात आहे. ईश्वरप्पा, तू पगारातला वाटा मागितलास आणि दोन बोटं घेतलीस. झाली वाटणी. आता वर ये, अण्णाच्या अंगावर शाल तू घाल.