दुसरी बारा मिनिटं

हॅलो? … ठमे, मी. बाबा.

… नाही, नाही, तब्येत ठीक आहे. दोघांचीही.

… खुर्चीत पेशंट आहे? तोंड उघडं ठेवून? मग त्याला चूळ भरायला सांग. पाच मिनिटं फक्त.

… हो, एरवी मी 'बरं, नंतर करतो' म्हणून ठेवून देतो. आज नाही ठेवणार. ठेवला तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

… कुकीजबद्दल. आईच्या, बदामाच्या.

… अगं ऐक ना… तो विषय नको, नको म्हणून तर दोन वर्षं गेली.

… हो, हो. तुझ्या दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात आणि तिच्या आठ दिवस कुरकुरीत राहतात. माहीत आहे मला. आणि तू सगळ्या पाहुण्यांसमोर तिला म्हणालीस, पोटच्या मुलीपासूनसुद्धा कृती लपवून ठेवलीस. … ती काय म्हणाली तेही माहीत आहे. मी तिथेच होतो. पेपर वाचत.

… नाही, तिने काही लपवलं नाही. मी गाळलं.

… मी गं, मी!

… सांगतो. आज सकाळी स्वयंपाकघरात गेलो. … कप ठेवायला. बघतो तर ती गार झालेल्या कुकीज पुन्हा ओव्हनमध्ये घालतेय. म्हटलं, या झाल्या होत्या ना? तर म्हणते, 'नेहमी दोनदाच भाजते. वहीत लिहिलंय की.' मी तिची वही काढून बघितली. 'मंद ओव्हनमध्ये बारा मिनिटं भाजणे. पूर्ण गार करणे. मंद ओव्हनमध्ये बारा मिनिटं भाजणे.'

… हो, दोनदा. शब्दाला शब्द तोच. तुझ्या लग्नात ती वही तुला चांगल्या अक्षरात उतरवून दिली ना मी? छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, ठमे. तीच ओळ पुन्हा दिसली की हात आपोआप चालतो. मला वाटलं, तिच्याकडून चुकून दोनदा लिहिली गेली. विचारायला हवं होतं… म्हटलं, एवढ्यासाठी कशाला तिला झोपेतून उठवायचं.

… हसतेस? … रडतेस होय. अगं, पेशंटसमोर नको.

… नाही, 'जाऊ दे बाबा' नाही. तुझं नाव निघालं की ती भांडी घासायला उठते. घासलेलीसुद्धा.

… तिला अजून नाही सांगितलं. आधी तुला सांगावं म्हटलं. ती जास्त रागावते.

… आत्ता? … बरोबर आहे. आत्ताच. ठेवू नकोस हं, ऐकत राहा.

अगं, जरा बाहेर येतेस? … ठमीचा फोन आहे. … तिने नाही, मी केला. ऐक. तिच्या वहीत दुसऱ्यांदा भाजायचं लिहिलेलंच नाही. मी गाळलं. … हो, मीच. … हो, तुला न विचारता. … तिची काही चूक नव्हती. तुझीही नव्हती. … मला काय बोलायचं ते बोल. नंतर बोल, पण बोल.

ठमे, आहेस ना? आई खुर्चीत बसली आहे. … थांब, काहीतरी म्हणतेय. … म्हणते, दुसऱ्यांदा घालताना उलटून घालायच्या. … काय? थांब, विचारतो. … अगं, ती विचारतेय, उलटताना मोडणार नाहीत का? … म्हणते, पूर्ण गार केल्या तर नाही मोडत, पण हिला लहानपणापासून घाई. … अगं, ती म्हणते, घाई कुणाची घेतली ते बघ… आणि म्हणते…

नाही. मी नाही सांगणार. दोघींनाही सांगतो, मी मधे असलो की काहीतरी गळतं. हा घे फोन. … लागू दे पीठ. … धर म्हणतो ना!