मास्तरांच्या मंगळावरचे कालवे

सभेच्या अध्यक्ष आदरणीय आशाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आमच्या चित्रपट मंडळाची जुनी-नवी माणसं, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या आमच्या थोरल्या बहिणीसारख्या गुलशनबाजी, सर्वांना नमस्कार, आदाब.

तीस वर्षं कपडेपट सांभाळून बाजी आज निवृत्त होताहेत. शाल झाली, श्रीफळ झालं. गौरवाचं बोलायला इतर मंडळी समर्थ आहेत. मी, दिग्दर्शक म्हणून, एकच हकिकत सांगतो.

गंगापूरच्या निजामुद्दीन मास्तरांनी हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांत एक विज्ञानकादंबरी लिहिली होती. तिच्यात वेरूळचा एक घड्याळजी पितळी विमानात बसून मंगळावर जातो. अंगात शेरवानी, हातात सुरई. आणि तिथं त्याला काय दिसतं? पाण्यानं भरलेले कालवे! कोरड्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय दिसणार? आमच्या पिढीनं ते पुस्तक पानं सुटेस्तोवर वाचलं.

त्र्याऐंशी साली मी त्यावर चित्रपट करायला घेतला. तोवर मंगळ कोरडाठाक असल्याचे फोटो पेपरात आले होते. मी कालवे काढून टाकले आणि बाजींना अंतराळवीरांचे पांढरे पोशाख शिवायला सांगितले. त्यांनी शिवली शेरवानी.

"बाजी, लोक हसतील!" मी ओरडलो.

"हसू द्या की. बद्रीभाऊ, तुम्ही मास्तरांची कादंबरी करायलेत का तुमची? त्यांच्या शाळेत शिकले मी. त्यांना दिसला तसाच मंगळ दाखवा, नायतर त्यांचं नाव काढून टाका." कात्री टेबलावर ठेवून त्या घरी गेल्या.

दोन दिवस मी धुसफुसत होतो. तिसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि बाजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. पैठणच्या कालव्यावर आम्ही मंगळ उभा केला.

पहिल्या खेळाला लोक हसले, खोटं कशाला सांगू? पण मंगळावरची बाई घड्याळजीची रिकामी सुरई कालव्यात बुडवून भरून देते ना, तिथं सगळं थेटर चिडीचूप झालं. पुढच्या रांगेत ऐंशी वर्षांचे मास्तर बसले होते. खेळ संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तिथं पाणी नाही, आता मलाही मालूम आहे. पण लिहिलं तेव्हा मला दिसलं होतं, बेटा. कालवे ठेवायचं तुला कसं सुचलं?"

बाजी शेजारीच, थेटरात मांडून ठेवलेल्या शेरवानीची घडी घालत होत्या. मी म्हणालो, "सुचलं, मास्तर."

बाजी एक शब्द बोलल्या नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर. वर्षअखेरीस मास्तर वारले. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं. पंधरा वर्षं ती शाबासकी मी माझी म्हणून मिरवली. मित्रहो, ती बाजींची आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यातल्या इतर चुका सभेनं पोटात घालाव्यात. ही एक मात्र सभेच्या हातातली नाही. बाजी, मला माफ करा.