गाठ घेऊन पुण्याला

माजं माहेर नेरे गावचं आन सासर हे भरे गाव. लगीन झालं तवा माजं वय काय ते सांगत न्हाई, कारण नक्की म्हाईत न्हाई, आन जे नक्की म्हाईत न्हाई ते मी बोलत न्हाई. घरात भात मापायचं काम सासूनं आल्याबरोबर माज्या हाती दिलं, का तर माजी पायली कुणाला कमी पडली न्हाई का जादा गेली न्हाई. तेवढी एक खोड मला. तवा आता सांगते त्यातबी जेवढं झालं तेवढंच सांगते.

आमच्या घरात आत्याबाई. मालकांची सख्खी आत्या, तरुणपणी कपाळ उजाड झालं तशी भावाच्या घरी आली ती हितंच ऱ्हायली. तिच्या हाताला गुण, हे मीबी म्हणते. कुणाची बेंबी सरकली, कुणाला वायगोळा उठला, का बाया आमच्या ओसरीवर. आत्याबाई एरंडेल कोमट करायची आन पोट चोळायची, आमुशाला हात लावायची न्हाई आन कुणाकडनं काय घ्यायची न्हाई. माज्या सासूचं पोट तिनंच जन्मभर चोळलं. आता अशा बाईच्या घरात माजंच पोट बिघडावं, काय सांगू तुमाला.

चाळिशीच्या आसपास मला ते सुरू झालं. उजव्या अंगाला, बरगडीच्या खाली, पोटात असा पीळ पडायचा का भांडं हातातनं सुटायचं, आन तितं गाठ उठायची. हाताला लागायची, मुठीएवढी. आव पडायची, कधी कधी रक्तबी. मंग आत्याबाई मला चटईवर निजवायची, चोळायची, पोटात गुडगुड व्हायची आन गाठ जायची. सगळी म्हणायची, बघा हात. मीबी म्हणायचे. पर चार दिस गेले का गाठ पुन्हा हजर. मी मालकांना म्हणाले, अवो, ती जाती म्हणता तर जाती कुटं? पुन्हा येती म्हंजे ती हितंच हाय. मालक म्हणले, आत्याला विचार. आत्याबाईला कसं विचारू.

शेवटी मालकांनी मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं कबूल केलं. आता आमच्याकडची रीत बघा. दवाखान्यात जायचं तर न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, दुखणंबी जरा नीटनेटकं करून जायचं. आत्याबाई म्हणली, परक्या बाप्याम्होरं असलं पोट घेऊन जाशील व्हय? आन निघायच्या आधी तिनं मला चांगलं चोळून दिलं. डॉक्टरांनी पोट दाबलं, इकडनं दाबलं, तिकडनं दाबलं, काय बी न्हाई. मला लाज वाटली, जणू मी खोटंच सांगायला एवढ्या लांब आले. पर डॉक्टर शांत माणूस. त्यांनी इचारलं, कुणी पोट चोळतं का? मी म्हणाले, व्हय, सकाळीच. तवा ते म्हणले, गाठ असंल तवा या, लगेच या, आन कुणाला चोळू देऊ नका, चोळून आतडं फाटलं तर जीव जाईल.

हे मी घरी येऊन सांगितलं. आत्याबाईचं तोंड असं झालं का म्या कानफडात दिली.

भाताची झोडणी चालली व्हती तवा गाठ उठली. पेंढी हातात, आन मी खळ्यातच बसले. सगळी बायामाणसं गोळा झाली, कुणीतरी एरंडेल गरम केलं, आत्याबाई बाह्या सारून आली. मी कशीबशी उठून घराच्या मेढीच्या खांबाला पाठ लावली, पदर पोटाभवती आवळला आन म्हणाले, हात लावायचा न्हाई. ती म्हणली, हिरे, तुजी सासू माज्या हातावर जगली. मी म्हणाले, जगली असंल, पर मला ही गाठ डॉक्टरला दावायची हाय. जाऊबाई म्हणली, दुखणं काय दागिना हाय का मिरवायला? हसल्या बाया. मी न्हाई हसले, मला हसण्याएवढा दम नव्हता. मालकांना म्हणाले, गाडी जुंपता का चालत जाऊ? आत्याबाई म्हणली, आज माजा हात झिडकारलास, परत माजं तोंड बघू नको. मी म्हणाले, बरं.

पिरंगुटापातुर बैलगाडी. एकेक खाचखळगा आला का मी पोट धरायचे, कशासाठी? दुखतंय म्हणून न्हाई, गचक्यानं गाठ जाईल म्हणून. आपलं दुखणं जाऊ नये म्हणून देवाला हात जोडणारी त्या दिवशी मी एकलीच असंन. यष्टीत कंडक्टरनं बघितलं आन वरडला, उठा, बाळंतपणाची बाई हाय, जागा द्या. एकजण उठलाबी. मी म्हणाले, न्हाई वो, गाठ हाय. त्यो पुन्हा बसला. मंग कंडक्टरनंच त्याला उठवलं.

डॉक्टरांनी हात ठेवला आन म्हणले, हाय. तेवढंच म्हणले. माज्या डोळ्याला पाणी आलं ते तवा, दुखण्यानं न्हाई.

मंग खालनं चुन्यावाणी पांढरं औषध आतड्यात भरलं आन फोटू काढला. लई लाजिरवाणं, पर केलं. फोटूत आतड्यात गोल सावली. डॉक्टर म्हणले, कडा गुळगुळीत हाय, दाबली का चपटी होतीया, त्यावरनं साधी असावी; पर कॅन्सर न्हाईच असं पोट उघडल्याबगर मी छातीवर हात ठेवून सांगणार न्हाई. मला ते आवडलं. म्हाईत न्हाई ते म्हाईत न्हाई म्हणणारा माणूस. मालक मात्र गळाले. कागदावर अंगठा द्यायचा तर म्हणले, आत्याला इचारून येतो, पोट फाडलेल्या बाईला पुन्हा भारा उचलता येत न्हाई म्हणत्यात. मी खाटंवरनं म्हणाले, "पोट माजं हाय, अंगठा माजा घ्या." डॉक्टर मालकांकडं बघाय लागले. मालक म्हणले, घ्या तिचा, ती काय ऐकायची न्हाई. मंग दोघांचाबी घेतला.

शुद्धीवर आल्यावर मी म्हणाले, मला गाठ दावा. बरणीत तरंगत व्हती, कोंबडीच्या अंड्याएवढी, पिवळी, थिजल्या तुपावाणी. निव्वळ चरबी. आतड्याच्या आत देठाला लोंबत व्हती. डॉक्टरांनी समजावलं, आतडं तिला अन्न समजून म्होरं ढकलायचं, आन तिच्यासंगं आतडंच आतड्यात शिरायचं, झंपराची बाही उलटी होती तशी. त्या गुंडाळ्याचीच गाठ माज्या हाताला लागायची. चोळलं का बाही सरळ व्हायची, आन चरबी तितंच. वंगाळ काय न्हाई, तपासूनबी तसंच आलं, पुन्हा उपजायची न्हाई म्हणले. म्हंजे आत्याबाईचा हात खोटा नव्हता, हे मी गावात सगळ्यांना सांगते. पर त्या हातानं मी मेले असते, हेबी सांगते. जाऊबाई म्हणली, हिच्या अंगात चरबी हाय हे आमाला आधीच ठावं व्हतं. म्हणलं, आता न्हाई, पुण्याला ठेवून आले.

भारा उचलते. झोडणीबी करते. पोटावर वळ हाय लांब, इंजेक्शनवालीनं टाके काढले तवा म्हणली, झाकून ठेव हां बाई. कशाला झाकू?

आत्याबाई माज्याशी त्या दिसापासनं बोलत न्हाई. मी ताट वाढते, ती जेवती, ताट सरकवती. बाया अजून येत्यात तिच्याकडं. आधी ती पोटावर नुसता तळवा ठेवती, बोटानं हळू चाचपती. हाताला काय लागलं न्हाई तर तेल घेती. लागलं, तर हात काढून घेती, आन माज्याकडं न बघता त्या बाईला म्हणती, चोळायचं न्हाई, आत्ताच्या आत्ता निघा, वाट तिला इचारा. मी गाडी जुंपायला सांगते. आमी दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलत न्हाई.

देव तिला उदंड आयुष्य देवो. तिचं पाय मी रोज चेपते, ती चेपू देती. पर तेलाची वाटी घेऊन पुन्हा माज्याकडं आली, तर आजबी मेढीला पाठ लावून बसंन.