दोष कार्डाचा नाही

नाही हो डॉक्टर, ग्राफिक्स कार्ड परत नका करू, कार्डात काही खोट नाही. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचं एक चाक निघालंय, स्टुलावर बसा. रोज तुम्ही लोकांना आडवं करून त्यांच्या तोंडात बघता, आज मी तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या तोंडात बघते — हसलात, बरं झालं. आजकाल मी काही बोलले तर समोरचा हसेपर्यंत मला कळत नाही की तो विनोद होता. हं. बापरे, केवढी धूळ. मांजर आहे का घरी? वाटलंच. तर काय, मोठ्यातलं मोठं कार्ड घेतलंत, हौसेनं लावलंत, गेम चालू केला — गाड्यांचा? नाही? जंगलातला — आणि तो माणूस पळता पळता मध्येच अडखळतो. पानं सुंदर दिसतात, पाणी चमकतं, पण अडखळणं होतं तसंच. हेच ना? सगळे हेच म्हणतात, आणि सगळे आधी कार्डच बदलून येतात.

सांगते, सोपं आहे. आत दोघं असतात. प्रोसेसर ठरवतो, माणूस कुठे आहे, झाड कुठे, गोळी कुणाला लागली — आणि मग कार्डाला म्हणतो, हं, काढ आता चित्र. कार्ड काढतं. परत हा ठरवतो, परत ते काढतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीतरी वेळा. आता तुमच्याकडे ती मुलगी आहे ना, हातात औजारं देणारी — मागे माझी अक्कलदाढ काढलीत तेव्हा होती — ती जर हळू असेल तर तुमचा हात कितीही चपळ असू दे, तो हवेतच. आणि तुमच्या जागी तुमच्याहून भारी डॉक्टर आणून बसवला तर? तोही हात वर करून बसणार. तुम्ही नेमकं तेच केलंत. तुमचं कार्ड अर्धा वेळ नुसतं बसून आहे. उलटंही होतं बरं का — प्रोसेसर दांडगा आणि कार्ड मरतुकडं — मग सगळंच संथ चालतं, पण एकसारखं संथ. त्याची माणूस सवय करून घेतो. मध्येच बसणाऱ्या धक्क्याची सवय होत नाही. सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा बघू नका, आकडा चांगलाच दिसतो. दहा चित्रं वेळेवर आली आणि अकरावं रेंगाळलं की डोळा त्यालाच धरतो. हे माझं नाही हं, हे सगळं नवऱ्याचं. मला लग्नाआधी प्लग कुठे लावायचा तेवढं ठाऊक होतं. तोच शिकवायचा, इथेच, या टेबलावर, आणि चुकले की स्क्रू ड्रायव्हरनं बोटावर मारायचा. हळू मारायचा, लागायचं नाही.

तो आवाज? तोच. आतल्या खोलीत आहे. गाड्यांचा गेम, स्टिअरिंग लावून. नाही, नाही, बाहेर येत नाही तो हल्ली. तुमची पहिली मशीन त्यानंच बांधलेली, आठवतं? डोळे मिटून प्रोसेसर बसवायचा, एवढासा चौकोन, खाली केसासारख्या पिना, एक वाकली की संपलं. एक दिवस एक वाकली. मग अजून एकात वाकली. मग म्हणाला, तू बसव, माझा चष्मा बदलायला झालाय. चष्मा बदलला. मग हात. नसांचं काहीतरी आहे, वाढत जाणारं. गोळ्या चालू आहेत. हात थरथरतात ते सोडा, ते दिसतं तरी — पण मनात आलेलं हातापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. कप उचलायचा म्हटला की आधी थोडा वेळ कपाकडे बघतो. तुम्ही दातांचे, तुम्हाला काय विचारणार म्हणा. मोठे डॉक्टर पण काही वेगळं सांगत नाहीत. मला रडू येत नाही. येत नाही म्हणजे येतच नाही, बहिणीला वाटतं मी दगड झाले. दुकान उघडते, दुकान बंद करते. डबे साफ करते. तुमचा हा पंखा पण साफ करायला हवा, थांबा.

तर काय सांगत होते? हां, गेम. संध्याकाळी जुने मित्र एकत्र खेळतात, आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून. त्याची मशीन म्हणजे काय विचारता — दोन्ही तोलामोलाचे, एकाला दुसऱ्यासाठी थांबावं लागत नाही. पाण्यासारखी चालायची. आणि गाडी प्रत्येक वळणाला कठड्यावर. मशीन पाण्यासारखी आणि गाडी कठड्यावर. मित्र आधी चिडवायचे. मग चिडवेनासे झाले, मग म्हणे त्याच्यासाठी वळणावर थांबायला लागले. ते त्याला कळलं. हेडफोन काढून ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसला, त्यांच्याकडे बघत. हातांकडे. मी दारात उभी. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी म्हटलं, पंखा लावू का. दुसऱ्या दिवशीही तसाच बसला. खेळणं बंद. मग बोलणं बंद. मग जेवायलाही उठेना.

त्याला तपासणीला पाठवलं होतं दिराबरोबर, त्या दिवशी केलं मी. भंगारातला एक जुना प्रोसेसर होता, त्याच बोर्डावर बसणारा पण अगदीच लेचापेचा. तो बसवला त्याच्या मशीनमध्ये. चांगला काढून वरच्या कपाटात ठेवला, माझ्या साड्यांमागे. हो, मुद्दाम. असं काय बघता? संध्याकाळी मीच म्हटलं, एकदा लाव ना, मला बघायचंय. लावली. पहिल्या वळणावर चित्र अडकलं, गाडी कठड्यावर. दुसऱ्या वळणावर परत. तो म्हणाला, अगं, ही मशीन अडकतेय. हेडफोन लावून मित्रांना ओरडला — अरे, माझी मशीन अडकतेय! आणि हसला. किती दिवसांनी. मशीनला शिव्या घालत बसतो आता रोज. खेळतो. जेवतो. माझी भीती एकच, कधी चांगली चालली तर परत हातांकडे बघत बसेल. म्हणून मी घरातली मशीन बिघडवून ठेवलीय, आणि दिवसभर इथे बसून लोकांच्या दुरुस्त करते. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही पण बोलू नका.

बरं, झालं साफ. आता तुम्हाला दाखवते, म्हणजे पटेल. हा तुमचा गेम चालू केला. पळतोय, पळतोय, हा बघा अडखळला. आता मी चित्र एकदम बारीक करते, पुसट, सगळी शोभा बंद. म्हणजे कार्डाला कामच नाही. दोष कार्डाचा असेल तर आता सुसाट पळायला हवा. पळतोय? नाही. तस्साच. मग दोष प्रोसेसरचा. एवढीच परीक्षा, कुठलंही यंत्र लागत नाही. ही पण त्याचीच. कुणी अडकतंय म्हणत आलं की पहिलं हेच करायचा, आधी चित्र पुसट कर, मग तोंड उघड. परवा तर त्याच्या मशीनवर चित्र असंच पुसट होऊन बसलं होतं, रस्ता दिसेना की काही दिसेना, मी म्हटलं बोट घसरलं असेल बिचाऱ्याचं, गुपचूप परत नीट करून ठेवलं. आणि त्याच दिवशी जेवताना मला म्हणाला, कार्ड जुनं झालंय, मोठं कार्ड आण. मला हायसं वाटलं. म्हटलं, आण म्हणतोय ना, आणू या, कार्डानं काय होणारे, अडकणं तसंच राहील. लगेच आणलं. त्याला एवढा आनंद झाला —

काय म्हणालात? त्याच्या लक्षात कसं नाही आलं? अहो, आजारी माणूस, त्याला कुठे... गोळ्यांनी गुंगी असते. प्रोसेसरचं नाव बघायचं पान एका क्लिकवर असतं, ते त्यानं उघडलं नाही. म्हणजे उघडलं नसेल. उघडलं असतं तर बोलला असता ना. तो... डॉक्टर, ज्यानं मला हे शिकवलं, तो अडकतंय म्हणून कार्ड मागेल?

बोट घसरलं नव्हतं.

परीक्षा केली त्यानं. केली, कळलं, आणि मग कार्ड मागितलं. मोठं कार्ड आणलं तरी काही सुधारणार नाही, म्हणून. मला वाटत होतं मी त्याला... आणि तो माझ्यासाठी रोज मशीनला शिव्या... थांबा. थांबा जरा. काही बोलू नका.

आवाज बंद झाला आतला.

— हो रे! — मला हाक मारतोय. — हो, ऐकलं! परत अडकली? — हो, जुनीच आहे ना ती, काय करणार! — नवीन कार्ड बसायला वेळ घेत असेल! — खेळ तू, खेळ, आलेच मी!

तुमचा डबा राहू दे इथे. प्रोसेसर बदलून ठेवते, उद्या घेऊन जा. नाही, मी ठीक आहे. जा तुम्ही, डॉक्टर. दार ओढून घ्या.