उंदरांचं भेटकलम

महिपत : रत्नागिरीच्या रक्तपेढीत कामाला हायस, नि आजोबाला प्लाझ्माची एक पिशवी मिळत नाय? मग नोकरी कसली करतेस गो बाय?

सानिका : आजोबा, रक्तपेढी आहे ती, रेशनचं दुकान नाही. प्लाझ्मा हवाय कशाला पण?

महिपत : गुडघ्यांना. मोबाइलवर बघितलं मी. तरण्याच्या रक्तातलं ते पिवळं पाणी दिलं की म्हातारा उलटा चालायला लागतो. तरणेपणाकडं.

सानिका : ते पाणी नाही. लाल पेशी वगैरे काढल्या की उरतं ते...

महिपत : पेजेवरची निवळ. समजलं. कधी आणतेस?

दमयंती : गुडघ्यांना काय धाड भरल्ये? सकाळीच आंबे काढायला झेला घेऊन कलमावर चढले होते. बाय, औषध माझ्यासाठी हवंय. परवा म्हणे मी चुलीवर भात ठेवला नि शेजारच्या केरूच्या पडवीत जाऊन बसले. भाताचा कोळसा. तेव्हापासनं यांचे गुडघे दुखतायत.

सानिका : म्हणे?

दमयंती : हे सांगतात. मला कुठं आठवतंय?

महिपत : हिला वाईट वाटंल म्हणून गुडघ्यांचं नाव घेतलं.

दमयंती : वाटलं तरी विसरेन मी. सांगत जा.

सानिका : आजोबा, माणसांत हे अजून सिद्ध झालेलं नाही. उंदरांत झालं. एक म्हातारा, एक तरणा, दोघांना कुशीला कूस लावून शिवलं. रक्त एकमेकांत फिरलं, नि म्हातारा जरा तरतरीत झाला.

महिपत : अगो, हे तर भेटकलम! कुंडीतलं रोप नि झाडाची फांदी, दोन्ही सोलायची नि बांधायची. जन्मभर हेच केलं की मी. मग पेढीतलं परकं रक्त कशाला? तू घरचीच हायस.

दमयंती : मला नि पोरीला सुतळीनं बांधणार काय?

महिपत : सुतळी नको. एक बाटली बास.

सानिका : द्यायला माझी ना नाही, आजोबा. पण उपयोग...

दमयंती : बाय, त्या तरण्या उंदराचं काय झालं?

सानिका : तो... तो जरा म्हातारा झाला, आजी.

महिपत : ते मोबाइलवर नव्हतं.

दमयंती : मोबाइलला काय विचारता? कलम जुळलं की शेंडा कुणाचा छाटता हो तुम्ही?

महिपत : आता ते कुठं आठवतंय?

दमयंती : मी विसरते. तुम्ही नाय.

महिपत : रोपाचा.

दमयंती : मग झालं.

सानिका : मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावू का? शिमग्यापासून तुमचं 'बघू' चाललंय.

महिपत : डॉक्टर नाव ठेवतो. नाव ठेवलं की दुखणं घरात राहायला येतं.

सानिका : ते आलंय, आजोबा. तुम्ही नुसतं त्याला पाट मांडत नाही.

महिपत : बरं, लाव नंबर. उद्याचा लाव. सकाळच्या एसटीनं रत्नागिरीला येतो आम्ही.

दमयंती : मला आठवण करा हो. नायतर वाटभर विचारत बसेन, कुठं चाललो म्हणून.

महिपत : विचार गो. तेवढंच आपलं बोलणं होईल.