टेलर समज त्याला

सिल्वासाच्या नाक्यावर मसाटच्या रिक्षासाठी थांबलो होतो. माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सुनेच्या गळ्यात धाग्याच्या कंपनीचं ओळखपत्र होतं.

"काल परदेशातल्या गिऱ्हाइकाचा फोन आला, आई. घाबरून मी सगळ्याला येस, येस म्हणत गेले. आता त्याला सोमवारी धागा पाहिजे."

"मग पाठव."

"मशीन बंद पडलंय! दिवाळी झाल्याशिवाय धागा निघायचा नाही."

"तसं सांग त्याला."

"इंग्रजीत? घरी सगळं तोंडपाठ असतं. फोन कानाला लावला की जीभच उचलत नाही."

"सरिता, मला गुजराती येतं का वं?"

"कुठं येतं!"

"मग त्या गुजराती टेलरकडून ब्लाउजची बिघडवलेली बाही उसवून पुन्हा कोणी शिवून घेतली?"

"तुम्ही त्याला भर दुकानात आपल्या खानदेशी बोलीत झापलंत, आई!"

"बाही नीट झाली ना? मला बाहीची पडली होती माय, भाषेची नाही."

"अगं बाई, फोन वाजला! तोच आहे."

"उचल. टेलर समज त्याला."

"हॅलो... येस सर... येस..."

"परत येस? बाही, सरिता, बाही!"

"नो सर! मंडे, नो! मशीन बंद... मशीन स्टॉप! आफ्टर दिवाळी ओन्ली. नो, नो, यू लिसन फर्स्ट!"

तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षावाला ओरडला, "चालो बेन, मसाट, मसाट! बेसो जल्दी!"

"थांब रे भाऊ! माझी सून इंग्रजीत भांडतेय!"