गावपळणीतला धबधबा

हसू नका, पण वैभववाडीच्या डोंगरातला धबधबा पौषात गोठतो, असे एम.ए.च्या प्रबंधात लिहून माझा मित्र दिनू मोकळा झाला होता. प्रत्यक्ष पाहण्याची औपचारिकता तेवढी उरली होती. त्यासाठी मला घेऊन तो निघाला, तेव्हा नेमकी गावपळण होती. देवाच्या कौलानुसार सारा गाव तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहत होता.

“वाट बंद आसा, सायबानु,” वेशीवरचे तात्या म्हणाले.

“अंधश्रद्धा! आम्हाला गोठलेला धबधबा पाहायचाय,” म्हणत दिनू आत शिरला, मागोमाग मीही.

वर निव्वळ कोरडा कातळ होता. परतताना निर्मनुष्य गावात घोटभर पाणी द्यायलाही कोणी नव्हते.

वेशीवर तात्यांनी तांब्या पुढे केला. “धबधबो गोठलो काय?”

“धबधबाच नाही तिथे,” दिनू म्हणाला.

“आसतलो कसो? तो पण गावपळणीक गेलो. शिकलेलो नाय ना, देवाचा ऐकता.”